यादीतले दुसरे नाव

संगणकाचे बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत पडद्यावर जी यादी येते तिला बूट मेनू म्हणतात. यंत्रावर कोणकोणत्या ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती सुरू करायची, एवढाच तिचा विषय असतो. या यादीत ‘विंडोज १०’ ही ओळ एकाखाली एक दोनदा, अगदी त्याच अक्षरांत दिसू लागली की त्यातली नको असलेली ओळ काढणे हे किरकोळ काम वाटते, आणि दुरुस्तीच्या व्यवहारात ते बहुधा जाता जाता उरकले जाते. प्रत्यक्षात यंत्र बंद पाडण्याची आणि वर्षानुवर्षांची माहिती एका झटक्यात घालवण्याची ताकद इतक्या लहान कृतीत असावी, अशी कामे संगणकाच्या दुरुस्तीत फार थोडी आहेत. नोंद पुसायला दोन मिनिटे पुरतात; दोन सारख्या नावांपैकी कोणते नाव कशाचे आहे याची ओळख पटवायला मात्र वेळ लागतो, आणि या कामाचे सारे कौशल्य त्या ओळख पटवण्यातच आहे.

अशी जुळी नोंद तयार होण्याची कारणे मोजकी असतात. मंदावलेल्या लॅपटॉपला एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज नव्याने टाकली जाते आणि जुनी हार्ड डिस्क फायली साठवण्यासाठी त्याच यंत्रात राहू दिली जाते, तेव्हा त्या डिस्कवरची विंडोजही यादीत कायम राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकान असो की तालुक्याच्या गावातील दुरुस्ती केंद्र, हे कारण सगळीकडे परिचयाचे आहे. काही वेळा बिघडलेली विंडोज ज्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र आखलेल्या भागावर आहे ते फॉरमॅट न करता शेजारच्या पार्टिशनवर दुसरी प्रत टाकली जाते. काही वेळा आवृत्ती बदलण्याची प्रक्रिया मध्येच अडते आणि तिने तात्पुरती केलेली नोंद मागे उरते. तर काही वेळा लिनक्स शिकू पाहणारा विद्यार्थी पहिले उबुंटू बिनसले म्हणून दुसरे बसवतो आणि पहिले जिथल्या तिथे राहते. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुनी प्रणाली राखून शेजारी नवी बसवून पाहण्याला आणखी एक निमित्त मिळाले आहे.

हे काम समजून घ्यायचे तर यादी कुठे लिहिलेली असते हे आधी पाहिले पाहिजे, कारण ती एका जागी नसते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून बायोस हा, मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम राहणारा छोटा प्रोग्रॅम, यंत्राला जागे करीत आला. १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि डॉसची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा डिस्कचे भाग पाडण्याची जी पद्धत आखली गेली ती पुढे तीन दशके टिकली: डिस्कच्या अगदी आरंभीचे ५१२ बाइट, ज्यांना मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात, त्यांतले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. इतक्या चिंचोळ्या जागेत मेनू मावणे शक्य नसल्यामुळे तो प्रोग्रॅम पुढच्या, मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारून बाजूला होई, आणि यादी सांभाळण्याचे काम त्या पुढच्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे बूटलोडरकडे असे. विंडोज एक्सपीपर्यंत ही यादी ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत होती आणि नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातली ओळ खोडता येत असे. व्हिस्टापासून तिची जागा बूट कॉन्फिगरेशन डेटा, संक्षेपाने बीसीडी, या दप्तराने घेतली, जे डोळ्यांनी थेट वाचता येत नाही आणि ज्यात फेरफार करण्यासाठी ‘बीसीडीएडिट’ ही आज्ञा वापरावी लागते.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय या फर्मवेअरने, ज्याचे मानक २००५ मध्ये स्थापन झालेला यूईएफआय फोरम ठरवतो, या व्यवस्थेत आणखी एक पातळी आणली. या पद्धतीत डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा एक छोटा, बहुधा १०० मेगाबाइटच्या आसपासचा भाग असतो, जो एक्सप्लोररमध्ये एरवी दिसत नाही. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘उबुंटू’ अशा नावांचे फोल्डर असतात आणि प्रत्येकात त्या त्या प्रणालीचा बूटलोडर ठेवलेला असतो. शिवाय मदरबोर्डवरील कायम स्मृतीत फर्मवेअरची स्वतःची एक यादी असते, जिच्यातील नोंदींना ‘बूट ००००’, ‘बूट ०००१’ असे क्रमांक असतात आणि त्यांचा प्राधान्यक्रमही तेथेच लिहिलेला असतो. म्हणजे एका यंत्रात फर्मवेअरची एक यादी, बूटलोडरची दुसरी यादी आणि या दोन्ही याद्यांच्या पलीकडे डिस्कवर प्रत्यक्ष पसरलेल्या हजारो फायली, असे तीन वेगळे स्तर असतात, आणि एका स्तरावर केलेला बदल दुसऱ्याला आपोआप कळत नाही.

नोंद आणि वस्तू यांतला हा दुरावा महाराष्ट्रातील वाचकाला सातबाऱ्यावरून चटकन उमगावा. उताऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून जमीन नाहीशी होत नाही, आणि जमीन हातची गेली तरी फेरफाराची नोंद होईपर्यंत कागदावर जुनेच नाव राहते. बूट मेनूचेही तसेच असते, आणि म्हणून दोन सारखी नावे दिसली की त्यांमागे तीनपैकी कोणती परिस्थिती आहे हे ठरवावे लागते. पहिलीत दोन्ही नावांमागे दोन खऱ्या, पूर्ण प्रणाली असतात. दुसरीत एका नावामागची प्रणाली कधीच पुसली गेलेली असते आणि नुसते नाव उरलेले असते. तिसरीत दोन्ही नावे एकाच प्रणालीची असतात, जसे फर्मवेअरच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दोनदा येणे. यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या परिस्थितीत काम नोंदीपुरतेच असते, पहिलीत मात्र वस्तूलाही हात लावावा लागतो, आणि तीन परिस्थिती एकच समजून एकाच उपायाने सोडवायला जाणे हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते.

ओळख पटवण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. ठेवायची असलेली विंडोज सुरू करून, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट ही आज्ञा दिली की काळ्या खिडकीत मजकुराचे काही गट उमटतात. पहिला गट बूट मॅनेजरचा असतो; त्यात नोंदी कोणत्या क्रमाने दाखवायच्या, आपोआप कोणती निवडायची आणि त्यासाठी किती सेकंद थांबायचे, जे मुळात ३० असतात, हे लिहिलेले असते. त्याखाली प्रत्येक विंडोजसाठी एक गट असतो, आणि दोन्हींच्या वर्णनाच्या ओळीत तेच ‘विंडोज १०’ असले तरी बाकीच्या ओळी वेगळे सांगतात. एकीची ओळखखूण महिरपी कंसातील ‘करंट’ हा शब्द असतो, ज्याचा अर्थ ‘या क्षणी जी चालू आहे ती’ असा होतो. दुसरीची ओळखखूण अंकाक्षरांची लांबलचक माळ असते. ‘डिव्हाइस’ आणि ‘ओएसडिव्हाइस’ या ओळींत ती प्रणाली ज्या पार्टिशनवर आहे त्याचा पत्ता असतो, आणि ते पार्टिशन पूर्वीच पुसले गेले असेल तर तेथे ‘अननोन’ असे उत्तर मिळते. हा एक शब्द फार मोलाचा ठरतो, कारण नावामागे वस्तू उरलेली नाही याचा याहून स्पष्ट पुरावा मेनू स्वतः कधीच देत नाही.

याच टप्प्यावर ड्राइव्हच्या अक्षरांचा फसवा भाग येतो. चालू असलेली विंडोज बहुधा स्वतःच्या पार्टिशनला ‘सी’ म्हणते आणि दुसरीच्या पार्टिशनला ‘डी’ किंवा ‘ई’ म्हणते. दुसरी सुरू केली तर ती स्वतःला ‘सी’ म्हणते आणि पहिलीला दुसरे अक्षर देते. त्यामुळे ‘डी वरची विंडोज काढा’ या सूचनेला ती कोणत्या विंडोजमधून पाहिली हे सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नसतो, आणि फोनवरून मिळालेल्या अशा सूचनेवर काम करणे म्हणजे कोणते घर पाडायचे हे न विचारता हातोडा उचलण्यासारखेच ठरते. जाणता तंत्रज्ञ अक्षरांवर न विसंबता न बदलणाऱ्या खुणांकडे पाहतो: डिस्कचे मॉडेल, पार्टिशनचे आकारमान, त्यातील यूझर्स फोल्डरात कोणाकोणाची नावे आहेत आणि त्यांच्या फायलींवर शेवटची तारीख कोणती आहे. शक्य असेल तेव्हा ठेवायच्या पार्टिशनला आधीच ओळखू येईल असे नाव देऊन ठेवणे हा साधा उपाय आहे, कारण अक्षर बदलले तरी ते नाव दोन्ही प्रणालींना तेच दिसते.

यानंतरचा धोका अधिक खोल आहे, आणि नव्या एसएसडीच्या प्रसंगी तो हमखास उद्भवतो. जुनी डिस्क जोडलेली असतानाच नव्या एसएसडीवर विंडोज टाकली, तर इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर आधीपासून असलेले सिस्टिम पार्टिशन सापडते आणि तो नव्या प्रणालीचा बूटलोडर बहुधा तेथेच ठेवतो. मग नवी विंडोज एसएसडीवर राहते, पण तिला हाक मारणारा जुन्या डिस्कवर बसलेला असतो. जुनी विंडोज आता नको म्हणून ती सगळी डिस्क पुसली की दुसऱ्या दिवशी दोन्ही नावे जातात आणि यंत्र काळ्या पडद्यावर थांबते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ज्या पार्टिशनपुढे ‘सिस्टिम’ असे लिहिलेले असते त्यावर बूटलोडर असतो आणि ज्यापुढे ‘बूट’ असे लिहिलेले असते त्यावर चालू विंडोजच्या फायली असतात. ही उलटी वाटणारी मांडणी लक्षात ठेवली म्हणजे पुष्कळ अनर्थ टळतात. याची निर्णायक चाचणी तर कुठल्याही आज्ञेची गरज नसलेली आहे: यंत्र बंद करून जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी आणि बटण दाबावे. नवी विंडोज एकटी सुरू झाली तर ती स्वतःच्या पायावर उभी आहे. न झाली तर केबल पुन्हा जोडली की सारे पूर्ववत होते, आणि मग बूटलोडरची नवी प्रत एसएसडीवरच्या सिस्टिम पार्टिशनवर ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने तयार करून ही चाचणी पुन्हा घेता येते. या चाचणीत काहीही पुसले जात नाही, आणि तरीही पुसल्यानंतर काय होईल ते ती नेमके सांगते.

लिनक्सकडे आले की यादीचे स्वरूपच पालटते. ग्रब हा बूटलोडर, ज्याची सुरुवात एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये केली, आपला मेनू एका फाइलीतून दाखवतो खरा, पण ती फाइल हाताने लिहायची नसते. डिस्कवर काय आहे हे तपासून एक आज्ञा ती दर वेळी नव्याने तयार करते. उबुंटूमध्ये त्या आज्ञेचे नाव ‘अपडेट-ग्रब’ आहे, आणि शेजारच्या प्रणाली शोधण्याचे काम ‘ओएस-प्रोबर’ हा तिचा मदतनीस करतो. म्हणून मेनूच्या फाइलीतून नको असलेली ओळ खोडली तरी पुढच्या अपडेटला ती परत येते, कारण वस्तू जागच्या जागी असते. उलट वस्तू काढून मग ती आज्ञा चालवली की नाव आपोआप जाते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून हा शोध सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे तेथे नाव दिसत नाही म्हणून वस्तूही नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

दोन उबुंटू एकाच यंत्रावर असतील तर आणखी एक गुंता होतो, आणि तो उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्ही आवृत्ती ईएफआय सिस्टिम पार्टिशनवर ‘उबुंटू’ याच नावाचा फोल्डर वापरतात. त्या फोल्डरात जेमतेम तीन ओळींची एक फाइल असते: पहिल्या ओळीत यूयूआयडी, म्हणजे पार्टिशन फॉरमॅट होताना त्याला मिळालेली विशिष्ट ओळख, लिहिलेली असते आणि त्या ओळखीचे पार्टिशन शोधायला सांगितलेले असते, उरलेल्या दोन ओळी तेथला ग्रबचा फोल्डर आणि त्यातला खरा मेनू गाठतात. दुसरे उबुंटू बसवताना या तीन ओळी पुन्हा लिहिल्या जातात आणि मेनूची मालकी नंतर आलेल्याकडे जाते. आता पुसायचे उबुंटू नेमके तेच असेल, तर ते पार्टिशन पुसल्यावर या तीन ओळी अस्तित्वात नसलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतात आणि मेनूऐवजी ग्रबचा नुसता कर्सर दिसतो. म्हणून पुसण्याआधी ठेवायचे उबुंटू सुरू करून तेथून ग्रब पुन्हा बसवणे, म्हणजे मालकी आधी हस्तांतरित करणे, आवश्यक असते. स्वॅप या, स्मृती अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या पार्टिशनचीही अशीच खातरजमा करावी लागते. दोन्ही प्रणाली एकच स्वॅप वापरत असतील आणि ते नकोशा प्रणालीबरोबर पुसले गेले, तर उरलेली प्रणाली सुरू होताना त्या हरवलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहत बसते आणि वापरणाऱ्याला यंत्र विनाकारण मंदावल्यासारखे वाटते.

या सगळ्यातून कामाचा एक क्रम आपोआप सिद्ध होतो. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि यंत्र अडल्यास सुरू करता यावे म्हणून इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तयार ठेवावा. डिस्कवर बिटलॉकर हे कुलूप असेल तर ते तात्पुरते स्थगित करून ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी, कारण बूटच्या व्यवस्थेत झालेला बदल पाहून ते कुलूप ती की मागू शकते. बीसीडीची प्रत ‘एक्सपोर्ट’ करून जपावी, म्हणजे चुकीची नोंद गेली तरी ‘इम्पोर्ट’ने परत आणता येते. विंडोजच्या बाबतीत मग प्रथम नाव काढावे. त्यासाठी सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या खिडकीतील ‘बूट’ हा भाग पुरेसा असतो आणि चालू असलेल्या प्रणालीची नोंद तेथून काढता येत नाही, हे त्याचे एक संरक्षण आहे. नाव गेल्यावर काही दिवस यंत्र नेहमीसारखे वापरू द्यावे, छपाई, हिशेब, ईमेल ही रोजची कामे होत आहेत ना ते पाहावे, आणि काही अडत नाही अशी खात्री पटल्यावरच पार्टिशनला हात लावावा. नाव परत लिहिता येते, वस्तू परत येत नाही. म्हणून परतीची वाट असलेले काम आधी आणि नसलेले शेवटी, हा नियम येथे पाळायचा असतो. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झाले तरी जुन्या फायली पुष्कळदा शोधून काढता येतात, पण एसएसडीला ट्रिम या सोयीमुळे मोकळी झालेली जागा लगेच कळते आणि एसएसडी ती जागा खरोखर रिकामी करून टाकते, त्यामुळे तेथे पश्चात्तापाला जवळजवळ वाव नसतो.

जुन्या प्रणालीत काय अडकलेले असू शकते याचा विचार तंत्रज्ञानेच केला पाहिजे, कारण यंत्राच्या मालकाला तो सुचत नाही. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे दोन फोल्डर उचलले की सगळे आले असे मालक धरून चालतो; पण आउटलुकची मेल बहुधा वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरात असते, हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती पुष्कळदा त्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात असते, आणि मराठी छपाईचे काम केलेल्या यंत्रात तर सर्वांत मौल्यवान वस्तू जुन्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात असू शकते. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली पुस्तके, स्मरणिका आणि दिवाळी अंक यांच्या फायली सुरक्षित राहिल्या तरी तो फॉन्ट गेला की त्याच फायली उघडल्यावर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. फाइल जपली आणि ती वाचण्याचे साधन पुसले, असा हा तोटा असतो. तो त्या दिवशी लक्षात येत नाही आणि लक्षात येतो तेव्हा जुने पार्टिशन कधीच नव्या फायलींनी भरलेले असते. म्हणून पुसण्यापूर्वी मालकाला जुनी प्रणाली एकदा सुरू करून दाखवणे, तिच्यावर तो कोणती कामे करीत असे हे विचारणे आणि त्याची स्पष्ट संमती घेणे, हा या कामाचा तांत्रिक भागाइतकाच आवश्यक भाग होय.

कधी कधी या विचारपुशीचा शेवट असा होतो की जुनी प्रणाली काढूनच टाकायची नसते: एखादा प्रोग्रॅम फक्त तिच्यावर चालतो, एखादे जुने यंत्र फक्त तिच्याशी बोलते. अशा वेळी काही न पुसता केवळ नोंदीचे वर्णन बदलावे, एका ओळीला ‘रोजची विंडोज’ आणि दुसरीला ‘छपाईची जुनी विंडोज’ असे नाव द्यावे, आणि थांबण्याचे सेकंद कमी करून रोजची प्रणाली आपोआप निवडली जाईल असे करावे. हे सारे बीसीडीएडिटने करता येते. जुळी नोंद त्रासदायक ठरते ती दोन नावे आहेत म्हणून नव्हे, दोन्ही नावे सारखी असल्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. हे काम पूर्ण झाले असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा यादीतील प्रत्येक नावामागे एक चालती प्रणाली असते, प्रत्येक चालत्या प्रणालीला तिचे स्वतंत्र नाव असते, आणि यंत्रासमोर प्रथमच बसलेल्या माणसालाही कोणती ओळ निवडायची हे कोणाला न विचारता कळते.